रजेवरच्या माणसाला फोन करू नये

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
३ सप्टेंबर २०२५

आयेशा मॅडम यांना,

बद्रीनाथ खांडेभराड, ऑपरेटर, रुग्णवाहिका केंद्र, जालना, सध्या सक्तीच्या रजेवर, यांचा नमस्कार. पत्राचं कारण तुम्हीच आहात.

तुमचा नवा नियम डोक्यावर घेऊन मी परवा बहिणीच्या, चांगुणाबाईच्या घरी येऊन पडलो. ‘ज्याचा ओव्हरटाइम सगळ्यात जास्त, त्यानं साचलेली रजा आधी संपवायची.’ यादीत पहिलं नाव माझं. दुसरं नाव वाचायला गेलो तर यादीच संपली. अठ्ठावीस दिवस मी इथं काय करू, हे त्यात लिहिलेलं न्हाई.

बावीस वर्षं झाली मला त्या खुर्चीवर. अपघात झाला, छातीत कळ आली की लोक आपल्याला फोन करतात आणि आपण नऊ गाड्यांपैकी जवळची गाडी धाडतो. हे काम बारा तासांच्या पाळीत होत आल्तं. आता तुम्ही आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या. कागदावर झकास दिसून राह्यल्या. पण सकाळी मुजाहिद आणि दुपारी मच्छिंद्र बसणार म्हणता. मुजाहिद हुशार आहे, पण समोरच्याचं वाक्य संपायच्या आत गाडी सोडतो. मच्छिंद्र शांत आहे. इतका, की फोन वाजला की आधी त्याच्याकडं बघतो आणि मंग उचलतो. दोघांना मीच शिकवलं. तुम्हालाही मीच शिकवलं, पण आता तुम्ही इनचार्ज झालात, तेव्हा ते मी बोलून दाखवणार न्हाई.

तुमच्याच नियमावलीत सातवं कलम आहे : रजेवरच्या माणसाला फोन करू नये, केल्यास तो वेळ ओव्हरटाइम धरला जाईल. मी नियमाचा माणूस. मोबाइल बंद करून चांगुणाबाईच्या लोखंडी पेटीत ठेवलाय, गोधड्यांच्या खाली. काही विचारायचं झालं तर पत्रानं विचारा. पत्राबद्दल कलम न्हाई. टेंभुर्णीच्या गाडीचा कंडक्टर कचरू माझ्या ओळखीचा आहे. दुपारच्या फेरीला पाकीट आणून देतो.

आपला,
बद्रीनाथ खांडेभराड


जालना
६ सप्टेंबर

बद्रीकाका,

सलाम. कचरूभाऊंनी तुमचं पाकीट थेट माझ्या टेबलावर ठेवलं आणि पोचल्याची सही मागितली. मला मॅडम म्हणू नका. नऊ वर्षं तुम्ही मला ‘ए पोरी, आवाज चढव’ म्हणत आलात, तेच बरं होतं.

तुमच्यावर राग म्हणून मी हे केलेलं नाही. संस्थेच्या लोकांनी मला बोलावून सांगितलं की दिवाळीपर्यंत ओव्हरटाइम निम्म्यावर आला नाही, तर फोन घेण्याचं काम पुण्याच्या कुठल्याशा कंपनीला देऊन टाकू. म्हणजे मंठ्याच्या माणसाची छाती दुखली तर फोन पुण्यात वाजणार, आणि तिथला माणूस विचारणार, मंठा नक्की कुठे आलं? आपण अकरा जण घरी. आणि तेवढंच नाही. मागच्या महिन्यात तेराव्या तासाला मच्छिंद्रभाऊ कॉल घेता घेता झोपले. ज्याच्या बायकोला साप चावला होता तो माणूसच विचारत होता, ‘साहेब, तुम्ही बरे आहात ना?’ ती बाई वाचली म्हणून आपण हसतो. नसती वाचली तर?

खरं सांगते, काल मी सातवं कलम मोडून तुम्हाला तीनदा फोन लावला. बंद. झालं असं, की एकानं कळवलं, ‘म्हातारीच्या लिंबापाशी मोटारसायकल घसरली.’ मुजाहिदनं नकाशा पाहिला. नकाशात ना म्हातारी ना लिंब. शेवटी ज्याचा पाय मोडला होता त्यानंच ड्रायव्हर इजहारला फोनवरून डावीकडे, उजवीकडे सांगत स्वतःपर्यंत आणलं. माणूस ठीक आहे. पण हा लिंब आहे कुठे?

आयेशा


टेंभुर्णी
८ सप्टेंबर

आयेशाताई,

म्हातारीचा लिंब मंठा रोडला, कापसाच्या जिनिंगच्या पुढच्या वळणावर. लिंब पाच वर्षांमागं रस्ता रुंद करताना तोडला आणि म्हातारी त्याच्याही आधी वारली. जागा मात्र जागेवर आहे. सोबत अशा चौतीस ठिकाणांची यादी जोडून राह्यलो. ‘पडकी टाकी’ म्हंजे आताचा पेट्रोल पंप. ‘गुलाबचं हॉटेल’ इथं गुलाब न्हाई आणि हॉटेलही न्हाई, पण बस अजून थांबती. भिंतीला चिकटवा.

इथं माझं बरं चाललंय. लोक मात्र फार पुटपुटून बोलतात. परवा दुपारी मी ओट्यावर बसल्तो. शेजारचा गडी पळत आला, म्हणला, ‘सोमेश्वरच्या मावशीला उचलायला चला, नाल्यात पडली.’ मी बावीस वर्षांचा अनुभवी माणूस. एका मिनिटात सगळं लावलं. बाज काढली, चार जण बाजेला, दोघं सडकेवर जीप अडवायला, समोरच्या घरातल्या द्वारकाबाईला पाणी तापवायला सांगितलं. नाल्यावर गेलो तर म्हैस. त्यानं ‘म्हशीला’ म्हटलं होतं म्हणे. म्हटलं असंल, पण मंग नीट बोलायला काय होतं? म्हैस काही बाजेवर मावली न्हाई. सोमेश्वरची मावशी मात्र तिथंच काठावर धडधाकट उभी होती, आणि तिनं मला जे सुनावलं ते मी बराबर ऐकलं.

घरात बिलकुल शिस्त नव्हती. पाणी कोण भरणार, दूध कोण काढणार, रोज सकाळी वाद. मी तुमच्यासारख्या तीन पाळ्या लावल्या. चांगुणाबाई, तिचा लेक, सून सत्यशीला. प्रत्येकाला आठवड्याला एक सुट्टी. सत्यशीलेला गुरुवार आला. काल गुरुवार नसताना ती मला विचारत होती, ‘मामा, गुरुवार किती लांब आहे?’ चांगुणाबाई माझ्याशी बोलत न्हाई. आठ तासांच्या पाळ्या घरात चालतात. केंद्रात चालतील का ते बघू.

बद्रीनाथ


जालना
१२ सप्टेंबर

बद्रीकाका,

यादी भिंतीवर लावली. मुजाहिदनं फोटो काढून सगळ्या ड्रायव्हरांना पाठवले. शुक्रिया.

आता पुढचं लिहायला मला दोन दिवस लागले.

तुम्ही गेल्यापासून ओव्हरटाइम निम्म्याहून खाली आला. मला वाटलं पाळ्या बदलल्यामुळे. मी खुश होऊन सगळ्यांना चहा दिला. मग बसून एकेकाचे तास पाहिले, तर जो कमी झाला तो जवळपास सगळा तुमचाच होता. दोन वर्षं तुम्ही पाळी संपल्यावर रोज तीन-तीन तास थांबत आलात. आणि कॉम्प्युटर सांगतो, त्या तीन तासांत तुम्ही दिवसभराचे कॉल पुन्हा ऐकत बसायचात. संपलेले कॉल. पेशंट दवाखान्यात पोचून भरती झाल्यावर. एकेक कॉल तीन-चार वेळा.

मच्छिंद्रभाऊ म्हणाले, ‘ताई, ओव्हरटाइम काढायचा यापेक्षा सोपा रस्ता कोणता?’ मी त्यांना गप्प केलं.

संस्थेचे लोक मला विचारणार आहेत. मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा. हा प्रश्न मला पत्रात विचारायचा नव्हता. मोबाइल चालू केला असता तर बरं झालं असतं.

आयेशा


टेंभुर्णी
१४ सप्टेंबर

मा. इनचार्ज,
रुग्णवाहिका केंद्र, जालना

विषय : राजीनामा.

बावीस वर्षांत माझ्यावर दोन आरोप झाले. एक, गाडी उशिरा धाडली. तो खोटा होता. दोन, चहा फार पितो. तो खरा होता. वेळ चोरल्याचा आरोप आज पहिल्यांदा झाला, आणि मी शिकवलेल्या माणसानं केला.

कारण विचारू नये. उरलेली रजा संस्थेला माफ. हेडफोनचा निळा स्पंज माझा स्वतःचा आहे, तो कचरूजवळ द्यावा.

ब. खांडेभराड


टेंभुर्णी
१७ सप्टेंबर

आयेशा पोरी,

मी चांगुणाबाई, बद्रीची थोरली बहीण. मला लिहिता येत न्हाई, सून सत्यशीला लिहून राह्यली. बद्री शेळ्या घेऊन माळावर गेलाय, तवर हे उरकायचं आहे.

त्यानं राजीनामा धाडल्याचं मला सांगितलं न्हाई. कचरूनं सांगितलं. कचरूला पाकीट न फोडता सगळं कळतं.

बाई, माझ्या भावाला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. उजव्यानंही कमीच. आला त्या दिवशी मी विचारलं, ‘बद्री, भाकर वाढू का?’ तर म्हणला, ‘कोण जाफर?’ तेव्हाच मी ओळखलं. मोबाइल त्यानं तुझ्या कलमामुळं पेटीत ठेवलेला न्हाई. फोनवर तुझं बोलणं कळलं न्हाई तर तुला त्याचं बिंग कळंल, ह्या भेवानं ठेवलाय.

राजीनामा धाडला त्या दिवशी मी त्याला धरून बसवलं. त्यानं चहा पुढं ठेवून थंड केला, तेव्हा मी समजले काहीतरी मोठं आहे. मंग सांगितलं. म्हणला, ‘अक्का, दोन वर्षं झाली. हेडफोनचा आवाज पुरा वाढवतो, पत्ता दोनदा वदवून घेतो. गाडी चुकत न्हाई. पण नाव, वय, कोण कुणाचं, हे निसटतं. चुकीचं नाव लागलं तर दवाखान्यात त्या माणसाचे कागद अडतात. म्हणून सगळे गेले की तेच कॉल पुन्हा ऐकतो आणि वही बराबर भरतो.’ मी म्हटलं, मंग सांगायचं होतंस. तर म्हणला, ‘बहिऱ्याला फोनवर कोण बसवतं?’

आता ह्याला चोरी म्हणायचं का काय, ते तू ठरव. मी लिहिलं हे त्याला कळू देऊ नको.

चांगुणाबाई

ताई, मी सत्यशीला. हे खालचं माझं आहे, सासूबाईंनी सांगितलेलं न्हाई. मामांना परत न्या, ते इथं झुरून राह्यले. पण पाळ्यांचा कागद इथंच ठेवून जायला सांगा.


जालना
१९ सप्टेंबर

चांगुणाआत्या,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. नऊ वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसले. माझं काम ऐकण्याचं, आणि मलाच ऐकू आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस काकांनी येऊन सगळ्यांना फर्मावलं, यापुढे पत्ता दोनदा वदवून घ्यायचा. आम्ही हसलो. कुणी पाळलं नाही. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सकाळी मुजाहिदनं एक कॉल घेतला. बाळंतीण अडली आहे, गाव पिंपळगाव. त्यानं गाडी सोडली. आता आपल्या जिल्ह्यात पिंपळगावं किती, ते तुम्हाला ठाऊक. गाडी एका पिंपळगावात जाऊन उभी राहिली, तिथल्या लोकांनी चहा विचारला, आणि बाई दुसऱ्या पिंपळगावात. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून तिला आणलं. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. मुजाहिद त्या दिवशी जेवला नाही.

मग मी बसले आणि दोन वर्षांच्या वह्या काढल्या. चुकीच्या गावाला गेलेल्या गाड्या मोजल्या. आमच्या सगळ्यांच्या मिळून अकरा. बद्रीकाकांची एकही नाही. मच्छिंद्रभाऊंना त्या वह्या दाखवल्या. त्यांनी त्या मिटून ठेवल्या आणि म्हणाले, ‘माझं बोलणं त्यांना कळवू नका.’ मी आधीच कळवलं होतं.

तरी एक गोष्ट तुम्हाला साफ सांगते. कान तपासल्याशिवाय मी काकांना फोनवर बसवणार नाही. गाडी चुकली नाही ती कानांमुळे नाही, मेहनतीमुळे. आणि मेहनत एखाद्या दिवशी कमी पडली तर कुणाचा तरी जीव जाईल. हे त्यांना तोंडावर सांगायचं म्हणून मी उद्या दुपारच्या गाडीनं येते आहे. राजीनामा सोबत आणते. तो मी अजून वहीत चढवलेला नाही.

तुमची,
आयेशा


टेंभुर्णी
२७ सप्टेंबर

आयेशा पोरी,

तू आलीस त्या दिवशी शेळ्यांमागं उभी राहून डाव्या बाजूनं तीन हाका मारल्यास म्हणे. मी वळलो तो शेळी वळली म्हणून. तू काय सांगायला आलीस ते तुझ्या तोंडाकडं पाहूनच कळलं, म्हणून मी चिडलो. बोललो ते मनावर घेऊ नको. राजीनामा मागं घेतलाय.

जालन्याच्या डॉक्टरकडं तू बाहेर बसल्तीस, आत काय झालं ते कुणाला सांगितलेलं न्हाई. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन दिला आणि म्हणला, आवाज आला की बटन दाबा. मला वाटलं, एकही आवाज सुटायला नको, नापास व्हायचं न्हाई. मी सारखं दाबत राह्यलो. थोड्या वेळानं त्यानं दार उघडलं. ‘काका, मशीन मी अजून चालू केलं नाही.’ तेव्हा माझी अक्कड गेली. मंग खरं काय ते दाबलं.

तू गाडीत विचारलंस, भीती कधी बसली. ते आता सांगतो. दोन वर्षांमागं एका बाईचा फोन आल्ता. नवरा विजेला चिकटला होता. ती गावाचं नाव सांगत होती आणि मला फक्त तिचं रडणं ऐकू येत होतं. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती ओरडली, ‘अहो, तुम्हाला कळत कसं न्हाई?’ तेव्हा गाव कळलं. गाडी वेळेत पोचली, माणूस जगला. मी मात्र त्या दिवसापासून रोज घाबरूनच खुर्चीत बसलो. सांगायला पाहिजे होतं. न्हाई सांगितलं. हा गुन्हा माझा, तुझा न्हाई.

कानाचं मशीन बसल्यापासून फार गोंधळ आहे. पंखा करकरतो. चांगुणाबाई देवापुढं बसून रोज माझ्याबद्दल तक्रार करते, आणि देव बिचारा ऐकून घेतो, हे मला आजच कळलं. सत्यशीला गुरुवारी माहेरी चालली. दर गुरुवारी जाणार म्हणते.

तू म्हटलीस तसं सहा महिने फोन घेणार न्हाई. नव्या पोरांना शिकवीन, ड्रायव्हरांना रस्ते सांगीन. पुढच्या पाळीचा माणूस अर्धा तास आधी येणार आणि उठणारा त्या अर्ध्या तासात आपली वही भरणार, हे तुझं डोकं चांगलं चाललं. बावीस वर्षांत मला सुचलं न्हाई. सोमवारी सातला हजर होतो.

बद्रीनाथ


आयेशाच्या टेबलावर, पेपरवेटखाली
३ नोव्हेंबर

इनचार्ज आयेशा शेख यांना,

समोर बसून सांगितलं तर तुम्ही ऐकणार न्हाई, म्हणून कागदावर.

संस्थेचा कागद आला. ओव्हरटाइम ठरल्यापेक्षाही खाली गेला. पुण्याचा विषय बंद. मुजाहिदनं पेढे आणलेत, मच्छिंद्रनं तीन खाल्ले. पण कागदाच्या मागं ऑक्टोबरची यादी जोडली आहे, ती तुम्ही बघितली न्हाई. मी चष्मा लावून बघितली. यादीत एकच नाव उरलंय. ते तुमचं आहे.

सगळ्यांना वेळेत घरी धाडायचं वेळापत्रक करायला तुम्ही सकाळी सातला येता आणि शेवटच्या गाडीनं बदनापूरला जाता. दिवाळीच्या दिवसातसुद्धा कुणाची पाळी घेतलीत हे मला माहीत आहे. परवा जिन्यावर उभ्या उभ्या तुमचा डोळा लागला आणि इजहारनं फाइल धरली, तेही माहीत आहे.

‘ज्याचा ओव्हरटाइम सगळ्यात जास्त, त्यानं साचलेली रजा आधी संपवायची.’ सही कुणाची आहे ते बघा. मी संस्थेशी बोललो. फोनवर बोललो, आणि एकदाच बोललो. उद्यापासून सात दिवस तुम्ही रजेवर. तुमच्या टेबलावर मी बसतो, सात ते तीन. तीनला उठणार.

घरी जा, पोरी.

बद्रीनाथ


बदनापूर
५ नोव्हेंबर

बद्रीकाका,

रजेवरच्या माणसानं फोन करावा की नाही, याबद्दल आपल्या नियमावलीत काही नाही. पण आज फोन केला तर मुजाहिद उचलणार आणि हसणार, म्हणून पत्र.

काल जे झालं ते तुम्हाला अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं असं.

परवा संध्याकाळी घरी आले, जेवले आणि आठ वाजता आडवी झाले. काल सकाळी उठले नाही. दहाला उठले नाही. बाराला अम्मी खोलीत आली. तिनं मला नऊ वर्षांत दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलेलं नाही. हाक मारली, गदागदा हलवलं. मला काहीही आठवत नाही, पण अम्मी म्हणते की मी डोळे न उघडता तिला म्हणाले, ‘घाबरू नका, गाडी निघाली आहे.’ मग ती जास्तच घाबरली. आपल्या केंद्राचा नंबर मीच फ्रिजवर चिकटवून ठेवलाय. तिनं तो लावला.

पुढचं मुजाहिदनं अम्मीला नंतर सांगितलं. नाव ऐकून त्यानं ओळखलं. म्हणाला, खाला, त्या रजेवर आहेत, झोपल्या असतील. अम्मी म्हणाली, ‘सोळा तास कुणी झोपतं का? तू डॉक्टर आहेस का?’ त्यानं फोन धरून ठेवून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘फोन आला म्हंजे गाडी जाणार. इनचार्जची आई असली तरी जाणार.’

इजहार इथल्या स्टेशनजवळच उभा होता. सात मिनिटांत गाडी दारात. सायरन वाजवत आला, त्यानं मी उठले. बाहेर आले तर अर्धी गल्ली जमलेली, शेजारच्या चाँदबी रडायला लागलेल्या, आणि इजहार स्ट्रेचर घेऊन मलाच विचारतोय, ‘ताई, पेशंट कुठाय?’ माझे केस कसे होते ते विचारू नका.

मी म्हटलं, पेशंट मीच. तो म्हणाला, मग बसा. मी म्हटलं, बसत नाही, मला काही झालेलं नाही. तो म्हणाला, मग वहीत काय लिहू? गाडी निघाली म्हणजे नोंद पाहिजे. नियम मीच केलाय, काय बोलणार? त्यानं पेन काढलं, आणि ‘रुग्णास काय झाले’ या रकान्यापुढे फार वेळ थांबला. अम्मी सांगत होती ‘बेहोश’ लिही. चाँदबी म्हणत होत्या ‘नजर लागली’ लिही. शेवटी त्यानं स्वतःच्या मनानं एक शब्द लिहिला आणि मला सही करायला दिली.

त्यानं लिहिलं आहे : ‘झोप.’

उद्या ती वही तुमच्यापुढे येईल. इनचार्जच्या जागी तुमची सही लागेल. खोडू नका, नोंद बराबर आहे. मी परत आडवी होते. अम्मीनं आता कबूल केलंय की पुन्हा फोन लावायच्या आधी ती मला निदान पाणी मारून बघेल.

आयेशा